डब्यातला कुपा आणि जिताड्याचं डोकं

आमच्या भाताच्या खाचरांवर गोडाऊन उभं राहिलं आणि त्याच गोडाऊनमध्ये मी ड्युटीला जाऊ लागले, तेव्हा शेजारणीने मला नळावर गाठून विचारलं, "तू गो आता मालकीन, का कामवाली?" मी म्हटलं, "दोन्ही. जमीन सासऱ्याची, घाम माझा." उत्तर जरा फणकाऱ्यातच गेलं. माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि मीही ते कधी नाकारलेलं नाही.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत भिवंडीच्या भोवताली गोडाऊनचंच पीक आलं होतं. आज भात दिसायचा तिथे दोन पावसाळ्यांनी पत्र्याचं छप्पर दिसायचं. माझे सासरे जमीन भाड्याने देऊन मोकळे झाले आणि रोज सकाळी गळ घेऊन खाडीवर जाऊन बसू लागले. मासे मिळायचे ते घरापुरते, कधी तेवढेही नाही. कापड रंगवणाऱ्या डाइंगच्या कारखान्यांचं पाणी खाडीत उतरायला लागल्यापासून खाडीने हात आखडता घेतला होता. पण ते जायचे. घरी बसून काय माश्या मारू, असं ते विचारायचे.

माझं माहेर दिघाशीचं, आत डोंगराकडचं. आमच्याकडे मासा म्हणजे अंबाडी गावच्या बाजारात पावसाळ्याआधी घेतलेली सुकट आणि सुके बोंबील, नाहीतर ओढ्याला मिळाली तर चार बारीक मासळी. अशी मी खाडीकाठच्या घरात सून होऊन आले, जिथे सासूने उभी हयात भिवंडीच्या निजामपुऱ्यात मासळीची पाटी घेऊन बसण्यात घालवली होती. पॉवरलूमच्या गल्ल्यांतली गिऱ्हाइकं सगळी हिंदी बोलणारी, म्हणून तिची हिंदीही फाकडू. "आँख देखो, कल्ला देखो, फिर बोलो," असं ती गिऱ्हाइकाला दटावायची. आता गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे पाटी सुटली होती, पण दटावणं सुटलं नव्हतं. त्याला गिऱ्हाईक म्हणून मी उरले होते.

मी बाजारातून मासे आणले की ती पिशवी पाटावर उपडी करायची. मग अंगठ्याने एकेका माशाचा कल्ला उचलून आतला रंग बघायची, आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "ह्यो बुधवारचा हाय." वार असायचा शुक्रवार. माझ्या हातचं कालवण ती खायची, माझ्या मुलांना ती सांभाळायची, आजारी पडले तर रात्रभर उशाशी बसायची. पण मी आणलेला मासा तिने कधी न तपासता चुलीवर जाऊ दिला नाही. मला त्याचा मनस्वी राग यायचा. सहा वर्षं संसार करूनही मासळीच्या बाबतीत या घरात माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही, असं मला वाटायचं, आणि ते खरंच होतं.

गोडाऊनमधला आमचा सेठ मुंबईचा. परदेशातून डबाबंद खाण्याचा माल मागवायचा आणि इथून हॉटेलांना, दुकानांना पाठवायचा. ऑलिव्ह, मक्याचे दाणे, सॉस असलं काय काय असायचं, पण त्याचा जीव अडकला होता एका कोपऱ्यात, ट्यूनाच्या डब्यांत. ट्यूना म्हणजे आपला कुपा. त्या कोपऱ्यात आम्ही गावातल्या पाच बायका होतो. खोके उघडायचे, डबा फुगलेला, गंजलेला, चेपलेला नाही ना ते बघायचं, डब्यावरचा लॉट नंबर आणि सोबत आलेला कागद जुळवायचा, आणि मग किमतीचं आणि सामिष ठिपक्याचं लेबल चिकटवायचं. मी बारावी झालेली, म्हणून कागदाचं काम माझ्याकडे. प्रत्येक लॉटच्या कागदावर लिहिलेलं असायचं की हा मासा कुठल्या बेटाच्या कुठल्या होडीने धरला आहे, आणि कसा धरला आहे.

कसा, हे महत्त्वाचं. सेठने आम्हाला पहिल्याच आठवड्यात खोक्यांवर बसवून ते समजावलं होतं. मोठमोठी जहाजं कुप्याच्या अख्ख्या थव्याला जाळ्याने वेढा घालतात आणि सगळा थवा एकदम उचलतात. त्यात कुप्याची पिल्लं येतात, कासवं येतात, मुशी येतात, जे नको ते मेलेलं परत पाण्यात जातं. आपला माल तसा नाही. आपला माल येतो त्या बेटांवरची माणसं होडीच्या काठावर रांगेने उभी राहतात, पाण्यात जिवंत बारीक मासळी फेकून कुप्याला जवळ बोलावतात आणि एकेक कुपा काठीच्या गळाने उचलतात. पिल्लू आलं तर सोडता येतं. "एक काँटा, एक मछली," सेठ बोट वर करून म्हणायचा. बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात, पण आमच्या सेठचा हा कुपा काही खपत नव्हता. हॉटेलवाले एवढंच विचारायचे की दुसरा स्वस्तातला आहे का.

मी हे घरी सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी भाकरीचा घास हातातच ठेवला. "गलाला काटा कसा असतो त्यांच्या? उलटा?"

"नाही बाबा. सेठ म्हणाला की त्या गळाला उलटा काटाच नसतो. मासा होडीत पडला की आपोआप सुटतो."

"आनि पान्यात सुटला तं?"

"मग सुटला."

ते बराच वेळ हसत राहिले. "म्हंजे मासलीला पन संधी हाय," ते म्हणाले. पुढे कित्येक दिवस ते मला काहीबाही विचारायचे. होडी केवढी असते, काठी कशाची असते, बाया पण जातात का. मला सगळं माहीत नसायचं, मग मी सेठला विचारून यायचे, आणि सेठ खूश व्हायचा की निदान एक तरी माणूस विचारतं आहे.

सासूचं मत वेगळं होतं. दिवाळीला सेठने आम्हा प्रत्येकीला कुप्याचा एकेक डबा दिला होता. मी तो घरी आणून पाटावर ठेवला. तिने तो उचलला, कानाशी नेऊन हलवला, चारी बाजूंनी फिरवला.

"ह्याचा कल्ला कुठंय?"

"आई, डब्यात कल्ला कसा येईल?"

"मंग मी बघू काय?" तिने डबा परत पाटावर ठेवला. डबा सासऱ्यांनी खाल्ला. कुपाच हाय, पन सुका परलाय, असा त्यांनी निकाल दिला. सासूने त्या ताटलीकडे बघितलंही नाही.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग एका सकाळी सेठ आमच्या कोपऱ्यात आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला की हा माल आता परवडत नाही. एक मॅडम आहेत, ठाण्यापासून मुंबईपर्यंत ऑफिसांतली कँटीन चालवतात. त्या येऊन माल बघणार आहेत. त्यांनी घेतला तर कोपरा राहील. नाही घेतला तर इथे कपडे धुण्याची पावडर येईल. पावडरीची पाकिटं कारखान्यातूनच लेबलं लावून येतात, हे त्याने सांगितलं नाही, पण आम्हाला कळत होतं. पावडर आली की आम्हा पाचजणींना घरी बसायचं होतं.

मला ती नोकरी हवी होती. हे मी कुणाला फारसं बोलून दाखवलं नाही, कारण बोलले असते तर नवऱ्याने म्हटलं असतं, भाडं येतं आहे, तुला कशाला हवी दगदग. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण सकाळी डोक्याला तेल लावून, चापूनचोपून साडी नेसून, हजेरीच्या वहीत सही करून त्या कोपऱ्यात बसलं की मी कुणाची सून नसायचे. कुठला डबा पुढे जाईल आणि कुठला थांबेल हे मी ठरवायचे. घरात जे मला मिळत नव्हतं ते मला तिथे मिळत होतं. ते जाणार म्हटल्यावर मी दोन दिवस सगळ्यांवर खेकसत होते. तिसऱ्या दिवशी सासूनेच विचारलं, "काय झालं गो तुला? मिरची लागलीय कुठं?" मग मी सगळं सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि सुपातले तांदूळ निवडत राहिली.

मॅडमची एक अट होती. त्यांना मासा खाऊन बघायचा होता, तोही सँडविचमध्ये घातलेला नको, आपल्या लोकांच्या जेवणात कसा लागतो ते हवं होतं. सेठने आमच्याकडे बघितलं. आमचं घर गोडाऊनच्या समोरच, म्हणून मी म्हटलं, आमच्याकडे जेवण करू. बोलून गेले आणि मग घाबरले, कारण माझ्या हातचं माशाचं कालवण म्हणजे दिघाशीचं कालवण. रांधायला सासू हवी, आणि ती डब्याला हात लावायला तयार नाही.

पण ती एका वाक्यात तयार झाली. "पावनं येतंय ना? मंग डबा का पिंप, मी बगते." पाहुण्याचा मान म्हटलं की तिला बाकी काही दिसत नसे. फक्त वार बदलावा लागला. सेठने गुरुवार ठरवला होता, आणि महिना होता मार्गशीर्ष. त्या घरात मार्गशीर्षातल्या गुरुवारी माशाचं नाव काढलं असतं तर लक्ष्मीच्या आधी सासूच उठून गेली असती. शुक्रवार ठरला.

शुक्रवारी सकाळी तिने डबे फोडून कुपा तीन पाण्यांनी धुतला. मी ओरडले, "आई, चव जाईल." ती म्हणाली, "तेल जाईल. चव मी टाकते." लसणाची फोडणी दिली, आमचा मसाला घातला, चिंचेचा कोळ ओतला, आणि वास असा सुटला की समोर ट्रकमधून माल उतरवणारे हमालही वास घेऊ लागले. तेवढ्यात सासरे खाडीवरून आले. हातात जिताडा होता, खाडीतला भारी मासा, चांगला हातभर लांब. असा जिताडा त्यांना वर्षात कधीतरीच लागायचा. मला वाटलं, छान झालं, रात्रीची सोय झाली. मी कपडे बदलून मॅडमना आणायला गोडाऊनमध्ये गेले.

मॅडम पन्नाशीच्या, बारीक, चष्मेवाल्या, बोलायला मऊ आणि विचारायला कडक. त्यांनी माझ्याकडून एकेक कागद मागून घेतला, लॉट नंबर स्वतः डब्यांशी ताडून बघितले. "मला एकदा फसवलं होतं," त्या म्हणाल्या. "लेबल गळाच्या कुप्याचं, आत दुसरीच मासळी मिसळलेली. मी शेकडो माणसांना वाढते. आत काय आहे हे मला माहीत नसेल तर मी वाढणार नाही." सेठ हात जोडून म्हणाला, "मॅडम, एकशे एक टक्का कुपा. दुसरा मासा दिसला तर मला सांगा." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आम्ही घरी आलो. पाट मांडले होते, तांदळाच्या भाकऱ्या टोपलीत वाफाळत होत्या. सासूने डोक्यावर पदर घेऊन पहिलं ताट मॅडमसमोर ठेवलं. त्या ताटातल्या खोलगट वाटीत, लाल रश्शाच्या मधोमध, जिताड्याचं अख्खं डोकं तोंड उघडून बसलं होतं.

सेठच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मॅडमनी चष्मा सारखा केला आणि शांतपणे विचारलं, "हे काय आहे?"

मी सासूवर कडाडले. पाहुण्यांसमोर, सासऱ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा. "आई, हे काय केलंत? कुप्याच्या कालवणात जिताडा कुणी टाकायला सांगितला?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच वेडी आहे. "आगं, पावन्याला डोकं देतात ना? जावय आला, व्याही आला, डोकं कोनाला देतो आपन? ह्या मासलीला डोकंच न्हाय. बिनडोक्याची मासली पावन्याच्या पानात कशी वारू? म्हनून ह्यांना पहाटंच खाडीवर धारलं, एक डोकं घेऊन या म्हनलं."

तिच्या दृष्टीने ती बरोबर होती. आमच्याकडे मोठ्या माशाचं डोकं मानाच्या माणसाला जातं, हा रिवाजच आहे. आणि सासऱ्यांनीही बायकोच्या सांगण्यावरून पहाटेपासून थंडीत बसून ते डोकं मिळवलं होतं. पण मॅडमना हे कसं कळणार? एका डब्यातून दोन मासे निघाल्यासारखं ते दिसत होतं, आणि त्या नेमक्या त्याच भीतीने इथवर आल्या होत्या.

मग सासरे उठले. आत जाऊन ते परातीतून जिताड्याचं बाकीचं धड घेऊन आले, मॅडमच्या ताटाशेजारी ठेवलं, आणि वाटीतलं डोकं दोन बोटांनी उचलून धडाला लावून दाखवलं. रस्सा टपटप परातीत गळत होता. "बगा. ह्याचंच हाय," ते म्हणाले. मॅडम आधी तोंडावर हात धरून हसल्या, मग हात काढून हसल्या. सेठही हसला, पण त्याचं हसू रडण्याच्या जवळचं होतं. मी डोकं परत वाटीत ठेवलं आणि परात आत नेली.

मॅडमनी डोकं मानाने बाजूला काढून ठेवलं, खालचा कुपा भाकरीला लावून खाल्ला आणि पुन्हा वाढून घेतला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी सासूला विचारलं, "तुम्ही नाही बसत? माझ्याबरोबर घ्या ना दोन घास."

"मी मागनं बसंन. मी डब्यातलं न्हाय खात."

मॅडमचा हात थांबला. "का?"

"कल्ला बगितल्याबिगर मी मासली खात न्हाय. जन्मात खाल्ली न्हाय."

सेठने डोळे मिटून घेतले. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे रांधलं तुम्ही, मला वाढलं, आणि तुमचा स्वतःचा विश्वास नाही. मग माझ्या कँटीनमधल्या मुलांना मी कुठल्या तोंडाने सांगू की खा?" आवाज मऊच होता. पण प्रश्न असा होता की सगळा कोपरा, आम्ही पाचजणी, बेटावरच्या त्या होड्या, सगळं त्याच्यावर येऊन थांबलं.

सासू पाटावर बसली आणि म्हणाली, "बाय, खरं सांगते. मी निजामपुऱ्यात बसायची. जे गिऱ्हाईक इचारायचं, कवाची हाय, कुठली हाय, त्याला मी ताजी द्यायची. जे इचारायचं न्हाय त्याला कालची पन गेलीय माझ्या हातनं. सगलीच इचारायला लागली असती तं कालची मासली मी बाजारात नेलीच नसती. इचारनाऱ्यावर हाय सगलं."

"मग तुम्ही आता कुणाला विचाराल? डब्याला तर तोंड नाही."

सासू माझ्याकडे वळली. "तू बगतेस ना गो रोज? सगलं कागद, सगलं नंबर?"

"हो."

"कनचा डबा बगायचा राह्यला, असं होतं कदी?"

"नाही."

"हे जे मी रांदलं त्याचा कागद तू सोता बगितलास? गलाचाच हाय?"

आज सकाळी मीच ते डबे लॉट बघून बाजूला काढले होते. मी म्हटलं, "हो आई. गळाचाच आहे. मी बघितलाय."

"मंग वार."

मला आधी कळलंच नाही. तिने ताट पुढे सरकवलं तेव्हा कळलं. मी तिला कुपा वाढला, आणि वाढताना माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मी आणलेला एक साधा बोंबील जिने कधी माझ्या शब्दावर खाल्ला नव्हता, ती डोळ्यांनी न बघितलेला, कुठल्या कुठल्या समुद्रातला मासा नुसत्या माझ्या 'हो'वर तोंडात घालत होती. तिने घास चावला, गिळला आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." स्वतःच घातलं होतं.

मॅडमनी माल घेतला. पण सरळ घेतला असता तर त्या मॅडम कसल्या? त्यांनी सेठला सांगितलं की दर लॉटला कागद हवा आणि त्याबद्दल मी तुम्हाला विचारणार नाही, यांना विचारीन, आणि बोट माझ्याकडे केलं. कँटीनमध्ये त्या पाटी लावणार होत्या, आजचा कुपा गळाने धरलेला आहे म्हणून, आणि कुणी काही विचारलं तर सांगता यावं म्हणून वाढप्यांना सगळं शिकवणार होत्या. डोक्याची वाटी त्यांनी घरी नेली. जिताड्याच्या डोक्याचा मान कसा ठेवायचा हे त्यांना सासूने दारात उभं राहून समजावलं.

पुढे त्यांचा फोन खरंच यायचा. होडी कुठली, बेट कुठलं, सगळं विचारायच्या. सुरुवातीला मला त्याचा वैताग यायचा, मग सवय झाली, मग फोन उशिरा आला तर चुकल्यासारखं वाटायला लागलं. त्यांच्या कँटीनमध्ये लोक पाटी बघून प्रश्न विचारू लागले, काही ऑफिसांतल्या मुलींनी आपल्या भागातल्या दुकानदारांनाही विचारलं, आणि त्यातल्या एकदोन दुकानदारांनी सेठकडे चौकशी केली. फार मोठं काही झालं नाही. कोपरा भरलेला राहिला आणि आम्ही पाचजणी त्यात राहिलो, एवढं झालं.

मग एकदा असा लॉट आला की त्याच्याबरोबर कागदच नव्हता. मॅडमचा माल निघायची वेळ झाली होती. सेठ म्हणाला, "माल वही है, पेपर पीछे से आएगा. लेबल लगा दो."

मी म्हटलं, "नाही लागणार."

"अरे, मैं बोल रहा हूँ ना."

"सेठ, तुम्ही बोलता ते खरंच असेल. पण मी बघितलेलं नाही. माझ्या सासूने माझ्या शब्दावर खाल्लंय."

तो चिडला. म्हणाला, मग बसून राहा, आणि पावडरवाल्याचा निरोप अजून माझ्याकडे आहे हेही विसरू नका. आम्ही बसून राहिलो. बाकीच्या चौघींपैकी एक मला म्हणाली की तुझ्या या तोऱ्यापायी आमचंही जाईल. ती खोटं बोलत नव्हती, म्हणून मी तिला काही उलटून बोलले नाही, आणि माझ्यासारखीने गप्प बसणं म्हणजे काय हे त्या सगळ्यांना कळलं. दुपारी मॅडमचा फोन आला. माल का आला नाही, त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं की कागद नाही, म्हणून थांबवलाय. त्या म्हणाल्या, "थांबवा. तोवर मी लोकांना अंडी खाऊ घालते. पाटीवर तसं लिहिते."

कागद आठवडाभराने आला. होडीचं नाव होतं, बेटाचं नाव होतं, गळाची नोंद होती. सेठने तो स्वतः आणून माझ्यासमोर ठेवला आणि निघून गेला. आम्ही लेबलं लावायला बसलो.

कागद यायच्या आधीच्या त्या आठवड्यात, संध्याकाळी घरी आले की सासू रोज विचारायची, "हाय का गेली?" नोकरीबद्दल. मी म्हणायचे, "अजून आहे." तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझा धीर सुटला. मी तिला म्हटलं, "आई, लावून टाकायला हवी होती का मी ती लेबलं? माल खरा असणारच, आणि चौघींची नोकरी माझ्यामुळे टांगणीला लागलीय."

ती ओसरीवर सुकट निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "लावली असतीस तं मी त्या दिवशी खाल्लेलं आज वर आलं असतं."